आपल्या हॉलचा बीम आणि सिमेंटची शंभर वर्षं

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा त्यांना माझ्याकडून सोसायटीच्या जमाखर्चाचा इतिहास हवा होता. पहिली अकरा वर्षं मी खजिनदार होतो, त्यामुळे अपेक्षा रास्तच. पण तो इतिहास वार्षिक अहवालांत छापलेला आहे, आणि तेच आकडे दुसऱ्यांदा वाचायला कोणालाच आवडत नाहीत. मलाही नाही. म्हणून मी आपल्या तळमजल्यावरच्या हॉलच्या मधल्या बीमचा इतिहास लिहायचं ठरवलं. त्यात माझाही थोडा हात आहे, आणि तो आजवर मी कुठे लिहून ठेवलेला नाही.

हा बीम आपण सगळे ओळखतो. गणपतीत मखराच्या वरची झालर त्याच्याच खाली बांधली जाते आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "काका, झालर सरळ आहे, बीमच वाकडा आहे!" मुलांनी त्याला 'पोटवाला बीम' असं नाव ठेवलंय. गेल्या वार्षिक सभेत मात्र विषय हसण्यावारी राहिला नाही. काही सभासदांचं म्हणणं, बीम खचतोय म्हणजे इमारत संपली, आता पुनर्विकासाशिवाय पर्याय नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, खालून फॉल्स सीलिंग लावा म्हणजे दिसणारच नाही, आणि वरच्या वाचनालयात ती आठ लोखंडी कपाटं बिनधास्त ठेवा. मला ही दोन्ही मतं चुकीची वाटतात. का, ते सांगायला मला थोडं लांबून यावं लागेल.

१९८४ ते १९८७ ही तीन वर्षं माझी नेमणूक गोव्यात होती. पणजीहून मडगावला कामासाठी जाताना बस आगशी-कुठ्ठाळीच्या मधला झुआरी पूल ओलांडायची. तो पूल तेव्हा नवाच होता, १९८३ साली सुरू झालेला. दोन्ही बाजूंच्या खांबांवरून हात पुढे करावेत तसे पुलाचे भाग मध्ये येऊन एका सांध्यावर भेटायचे, आणि त्या सांध्यावर बस 'धप्प' करायची. आमच्या शाखेत एका इंजिनिअर गृहस्थांचं खातं होतं. त्यांना मी सहज विचारलं, नव्या पुलावर हे असं का? ते म्हणाले, "साहेब, काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण ते दगड नाही. भार घेतल्यावर ते लगेच जितकं वाकतं तितकंच थांबत नाही. पुढे वर्षानुवर्षं थोडं थोडं वाकत राहतं. आम्ही त्याला क्रीप म्हणतो. अशा पुलात ते मधल्या सांध्यावर आधी कळतं." मी मान डोलावली आणि त्यांचं पासबुक भरून दिलं.

त्याच मुक्कामात, ५ जुलै १९८६ रोजी, पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. १९७० सालचा पूल, म्हणजे अवघा सोळा वर्षांचा. पुढे कितीतरी दिवस आम्ही फेरीबोटीने ये-जा केली. त्या पुलाचं दुखणं वेगळं होतं. काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी केबल गंजल्या होत्या. गंज आणि क्रीप या दोन गोष्टींची गल्लत करू नये. पण काँक्रीट म्हणजे कायमचं, ही माझी समजूत त्या पावसाळ्यात मोडली. निदान मोडायला हवी होती.

क्रीप म्हणजे काय, ते घरच्या भाषेत सांगतो. पुस्तकांच्या फळीवर पुस्तकं ठेवली की फळी त्याच क्षणी थोडी वाकते. पुस्तकं लगेच काढली तर ती पुन्हा सरळ होते. पण तीच पुस्तकं दहा वर्षं तशीच राहिली, तर फळी आणखी वाकलेली दिसते आणि पुस्तकं काढली तरी पूर्ण सरळ होत नाही. काँक्रीटचंही असंच. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून एक अतिशय सूक्ष्म, चिकट जाळं तयार होतं. तेच खडी आणि वाळूला धरून ठेवतं. या जाळ्याच्या थरांत पाणी अडकलेलं असतं. सतत भार असला की ते थर कणाकणाने सरकत राहतात. खडी सरकत नाही, सरकतं ते सिमेंटचं जाळं. म्हणूनच सिमेंट कोणतं, या प्रश्नाला महत्त्व आहे.

आता इतिहास. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली घेतलं. इंग्लंडच्या पोर्टलँड भागातल्या दगडासारखं दिसतं म्हणून हे नाव. त्यानंतर ऐंशी-एक वर्षं काँक्रीट वर्षानुवर्षं वाकत राहतं हे कोणी नीट नोंदवलेलं दिसत नाही. १९०७ साली अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या हॅट नावाच्या प्राध्यापकांनी काँक्रीटच्या बीमवर भार तसाच ठेवून पाहिला आणि वाकणं वाढत जातं असं लिहिलं. पण प्रयोगशाळेतल्या नोंदीकडे बांधकामावरचा माणूस सहसा बघत नाही. त्याला अनुभवाची थप्पड लागते.

ती थप्पड बसली फ्रान्समध्ये, युजीन फ्रेसिने या तरुण इंजिनिअरला. १९११ च्या सुमारास त्याने आलिए नदीवर ल व्हर्द्र इथे काँक्रीटच्या तीन कमानींचा पूल बांधला. प्रत्येक कमान सुमारे सत्तर मीटरची, पण अगदी चपटी. पूल झाला, चाचणी झाली, सगळे खूश. काही महिन्यांनी फ्रेसिनेच्या लक्षात आलं की कमानींचे माथे खाली येताहेत, आणि येतच आहेत. खाली येणं तेरा सेंटिमीटरपर्यंत गेलं. त्या काळचे सरकारी नियम सांगत होते की काँक्रीटची लवचीकता ठरावीक असते, ती काळाप्रमाणे बदलत नाही. म्हणजे नियमाप्रमाणे जे घडत होतं ते घडायलाच नको होतं!

फ्रेसिनेने अर्ज केला नाही, समिती नेमली नाही. एका रात्री तो सायकलवरून पुलावर गेला, भरवशाच्या चार माणसांना उठवलं आणि पाचजणांनी मिळून कमानींच्या माथ्यांत जॅक बसवून त्या पुन्हा वर उचलल्या. बांधताना सेंटरिंग सोडवण्यासाठी तिथे जॅकची जागा ठेवलेली होती, ती अशी उपयोगी पडली. मग माथ्यातली फट काँक्रीटने भरून टाकली. पूल वाचला, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात नष्ट होईपर्यंत वापरात राहिला. त्याचा जुळा भाऊ म्हणावा असा बुतिरोंचा पूल आजही उभा आहे. फ्रेसिनेने मात्र त्या रात्रीनंतर हा विषय सोडला नाही. काँक्रीट आकसतं आणि सरकतं, हे धरूनच चाललं पाहिजे, म्हणून त्याने अतिशय मजबूत पोलादी तारा आधी ताणून काँक्रीट दाबून ठेवायची पद्धत काढली आणि १९२८ साली तिचं पेटंट घेतलं. साध्या पोलादाचा ताण क्रीपमध्ये जवळजवळ खर्ची पडला असता. आज जगात जे असंख्य मोठे पूल आहेत, त्यांचं मूळ तिथे आहे.

यानंतर प्रश्न आला, सगळी सिमेंटं सारखीच सरकतात का? अमेरिकेत १९३० च्या दशकात हूव्हर धरण बांधलं जात होतं. इतकं प्रचंड काँक्रीट आतून तापून तडकू नये म्हणून त्यासाठी कमी उष्णतेचं, सावकाश घट्ट होणारं सिमेंट वापरलं. त्या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठात रेमंड डेव्हिस आणि त्यांचे सहकारी वेगवेगळ्या सिमेंटच्या काँक्रीटवर भार ठेवून मापं घेत होते. एकाच वयाच्या काँक्रीटवर सारखाच भार ठेवला, तर सावकाश घट्ट होणाऱ्या सिमेंटचं काँक्रीट जास्त सरकतं, असं दिसून आलं. त्यांच्या काही नमुन्यांवरचा भार तर तीस वर्षं काढलाच नाही. १९५८ साली ते आकडे प्रसिद्ध झाले. माझ्यासारख्या बँकवाल्याला ते आकडे मुदत ठेवीच्या तक्त्यासारखे वाटले. वीस वर्षांत होणाऱ्या क्रीपपैकी सुमारे पाव हिस्सा पहिल्या दोन आठवड्यांत, निम्मा तीन महिन्यांत आणि पाऊण हिस्सा एका वर्षात होतो. पहिल्या वर्षाचा क्रीप १०० धरला तर पाच वर्षांनी १२०, दहा वर्षांनी १२६, वीस वर्षांनी १३३ आणि तीस वर्षांनी १३६. म्हणजे वाकणं पूर्ण थांबत नाही, पण दमाने होत जातं. हे आकडे लक्षात ठेवा, आपल्या बीमसाठी लागणार आहेत.

मग सिमेंटमध्ये फरक कशाने पडतो? सिमेंटमध्ये दोन मुख्य घटक असतात. दोन्ही चुना आणि सिलिका यांचेच, पण एक घाईचा आणि एक सावकाश. पहिला काही दिवसांत बळ देतो, दुसरा महिनोन्‌महिने देत राहतो. घाईचा घटक जास्त आणि दळण बारीक, की सिमेंट लवकर घट्ट होतं. उलट सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्रातली राख, म्हणजे फ्लाय ॲश, मिसळली की सुरुवात मंद होते, कारण राखेला आधी सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याची वाट बघावी लागते. त्यामुळे बाराव्या दिवशी दोन्हींवर सारखा भार टाकला तर मंद सिमेंट अजून कोवळं असतं आणि जास्त वाकतं. पण त्याला पुरेसा वेळ दिला आणि तेवढंच बळ आल्यावर भार दिला, तर चित्र उलटं होतं. मंद सिमेंट पुढेही बळ कमावत राहतं, म्हणून नंतरचं सरकणं कमी होतं. शिवाय राखेचं सिमेंट आतून घट्ट विणलेलं असतं, पाणी कमी झिरपतं. थोडक्यात, कोणतंही सिमेंट वाईट नाही. प्रत्येकाला त्याचा वेळ द्यावा लागतो.

हे सगळं माहीत असतं, तर मी २००१ साली जे बोललो ते बोललो नसतो. पण माझ्या पिढीच्या डोक्यात सिमेंटचा दुसराच इतिहास होता. भारतात सिमेंटची सुरुवात १९०४ मध्ये मद्रासला झाली, नीट उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झालं. १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. स्वातंत्र्यानंतर सिमेंटच्या भावावर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होतं. आमच्या वडिलांना गावच्या घरी न्हाणीघर बांधायचं होतं, तर त्यांनी परमिटसाठी तहसील कचेरीत फेऱ्या मारल्या. शेवटी ज्या गोण्या मिळाल्या त्या घरी आणल्या, आणि आईने पहिल्या गोणीला हळदीकुंकू वाहिलं. त्यावर कुठला प्रकार लिहिलाय हे कोण बघणार? १९८२ साली नियंत्रण अर्धवट उठलं, १९८९ साली पूर्ण. मग कारखाने वाढले, जाहिराती आल्या, आणि गोणीवर ३३, ४३, ५३ असे आकडे आले. हा आकडा म्हणजे त्या सिमेंटच्या ठोकळ्याला २८ दिवसांनी किमान किती दाब सोसता आला पाहिजे त्याचं माप. ५३ वाल्याने तीन दिवसांत किमान २७ आणि सात दिवसांत ३७ गाठायचे. फ्लाय ॲशच्या सिमेंटला, ज्याला आपण पीपीसी म्हणतो, तीन दिवसांत १६ आणि सात दिवसांत २२ पुरतात. १९९९ साली राखेच्या वापराबद्दल केंद्र सरकारची अधिसूचना आली आणि त्यानंतर पीपीसीच्या गोण्या सगळीकडे दिसू लागल्या. म्हणजे अगदी आपलं बांधकाम चालू होणार तेव्हाच.

आता आपली गोष्ट. जुन्या सभासदांना आठवत असेल, आपण बिल्डरकडून फ्लॅट घेतले नाहीत. २००० साली सोसायटी नोंदली, प्लॉट घेतला, कॉन्ट्रॅक्टर नेमला आणि देखरेखीला एक वयस्कर इंजिनिअर ठेवले. आज ते हयात नाहीत. आम्ही त्यांना नुसतं 'साहेब' म्हणायचो. बहुतेक सभासद भाड्याच्या घरात राहत होते. एकीकडे भाडं, दुसरीकडे कर्जाचं व्याज. प्रत्येक सभेत एकच प्रश्न, ताबा कधी? आणि त्या प्रश्नाचं उत्तर खजिनदाराकडे असलं पाहिजे, असं सगळ्यांना वाटायचं.

पाया आणि खांब ५३ ग्रेडच्या सिमेंटमध्ये झाले. हॉलच्या वरच्या स्लॅबची वेळ आली तेव्हा कॉन्ट्रॅक्टरने पीपीसी सुचवलं. गोणीमागे काही रुपये वाचत होते. साहेबांनी हरकत घेतली नाही. उलट म्हणाले, चांगलं सिमेंट आहे, पुढे टिकाऊच ठरेल. पण मग टेकू जास्त दिवस ठेवा आणि पाणीही जास्त दिवस मारा. त्यांच्या पिशवीत आय.एस. ४५६ या संहितेची २००० सालची नवी आवृत्ती असायची. त्यांनी ती उघडून दाखवली. सहा मीटरपेक्षा लांब बीमचे टेकू साध्या सिमेंटला २१ दिवस ठेवायचे, आणि दुसरं सिमेंट असेल तर हिशोब बदलायचा. पाणी साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राखेच्या सिमेंटला दहा, आणि शक्यतो चौदा. आपला बीम साडेसहा मीटरचा.

मे महिना होता. पावसाळ्यापूर्वी आणखी एक स्लॅब पडला नाही तर काम लांबणार होतं. कॉन्ट्रॅक्टरकडे प्लेटा आणि टेकू एकाच स्लॅबपुरते होते. खालचे काढल्याशिवाय वरचं सेंटरिंग उभं राहणार नव्हतं. मी त्या दिवशीच्या सभेत वहीवर हिशोब मांडला, एका महिन्याच्या उशिराचं सर्व सभासदांचं मिळून व्याज किती होतं तो. आकडा मोठा होता. साहेब म्हणाले, "हिशोब बरोबर आहे, पण काँक्रीट व्याजावर चालत नाही." मी म्हणालो, "अहो साहेब, सिमेंट म्हणजे सिमेंट! आधीच्या कामात कुठे काय झालं?" सभेत हशा पिकला. दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरला पत्र गेलं की काम त्वरेने पूर्ण करावं. पत्र आजही दोन नंबरच्या फाइलमध्ये आहे. सही माझी आहे.

बाराव्या दिवशी टेकू निघाले. पुढच्या आठवड्यात त्याच स्लॅबवर विटा रचल्या गेल्या. साहेबांनी निरीक्षणाच्या वहीत एक ओळ लिहिली, दिनांक आणि 'टेकू १२ दिवसांनी काढले', एवढीच. माझ्यावर दोषारोप केला नाही. त्यांनी बीमची सळई आधीच जरा हात राखून धरली होती, हे मला फार उशिरा कळलं.

ताबा वेळेवर मिळाला. सगळे खूश झाले, मीही. २००३ साली पहिल्यांदा झालर वाकडी दिसली. मी साहेबांकडे गेलो. त्यांनी मला दोरी आणि पट्टी दिली, बीमच्या दोन टोकांना दोरी ताणून मध्ये अंतर कसं मोजायचं ते शिकवलं आणि म्हणाले, "आता दरवर्षी मोजा. घाबरू नका, पण विसरू नका." तेव्हापासून मोजतोय. २००३ साली १७ मिलिमीटर, २००७ साली १९, २०१२ साली २०, आणि गेल्या वर्षी २१. यात बांधतानाचा कमीजास्तपणा आणि माझ्या हाताची चूक धरायला हवी. तरी ओघ बघा. पहिल्या वर्षात बरंचसं, मग दमाने. कॅलिफोर्नियाच्या त्या तीस वर्षांच्या तक्त्याशी किती जुळतं! संहितेप्रमाणे साडेसहा मीटरच्या बीमला सगळं धरून लांबीच्या अडीचशेव्या भागाइतका, म्हणजे २६ मिलिमीटर, झोळ चालतो. आपण मर्यादेच्या आत आहोत, पण हात फार मोकळा राहिलेला नाही.

आमच्या घाईने नेमकं किती बिघडलं? माझी सून सिव्हिल इंजिनिअर आहे. तिच्यासमोर मी हा प्रश्न ठेवला. तिने आधी आपल्याच संहितेतले आकडे दाखवले. भार पडल्याबरोबर बीम १० मिलिमीटर वाकला असं धरा. काँक्रीट सात दिवसांचं असताना भार दिला तर पुढे क्रीपमुळे आणखी २२ वाढतात, २८ दिवसांचं असताना दिला तर १६, आणि वर्षाचं असताना दिला तर ११. हा ढोबळ हिशोब, सळईमुळे प्रत्यक्षात थोडं कमी होतं. यात सिमेंटचा प्रकार येत नाही. युरोपच्या संहितेत तो येतो, आणि गंमत म्हणजे काँक्रीटचं वय बदलून येतो. बारा दिवसांचं काँक्रीट मंद सिमेंटचं असेल तर ते साडेआठ दिवसांचंच धरायचं, आणि लवकर घट्ट होणाऱ्या सिमेंटचं असेल तर सतरा दिवसांचं. दिनदर्शिकेवर दिवस तेवढेच, पण एक काँक्रीट दुसऱ्याच्या निम्म्या वयाचं! मी ज्याला 'सिमेंट म्हणजे सिमेंट' म्हणालो होतो, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. ५३ ग्रेडच्या सवयीने आम्ही पीपीसीचे टेकू काढले. चूक सिमेंटची नव्हती, वेळापत्रकाची होती.

या वाकण्याकडे दुर्लक्ष केलं, किंवा घाबरून काहीतरी केलं, तर काय होतं याचंही उदाहरण आहे. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या छोट्या देशात कोरोर आणि बाबेलदाओब या दोन बेटांना जोडणारा पूल १९७७ साली बांधला. मधला गाळा २४१ मीटरचा, त्या प्रकारात तेव्हा जगात सर्वांत लांब. अठरा वर्षांत त्याचा मध्य १.३९ मीटर खाली आला. बांधणाऱ्यांच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक. मग मधला सांधा पक्का करून, नव्या केबल ताणून पूल सरळ करायचं काम झालं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आसपास, २६ सप्टेंबर १९९६ रोजी, पूल अचानक कोसळला. दोन माणसं गेली. कोसळण्याचा संबंध त्या दुरुस्तीशी जोडला जातो, पण दुरुस्तीची वेळ आणली ती झोळाने. त्या पुलाची कागदपत्रं कोर्टाच्या निकालाने बंद होती. २००८ साली ती खुली झाली आणि अमेरिकेतल्या झ्डेनेक बाझांट या प्राध्यापकांनी त्यांचा अभ्यास केला. मग त्यांनी जगभरातल्या पन्नासहून अधिक पुलांचे झोळ गोळा करून दाखवलं की कितीतरी पूल हिशोबापेक्षा जास्त वाकले आहेत आणि वाकणं थांबलेलं नाही. त्या यादीत आमचा झुआरीचा पूलही होता! ते वाचताना मला चाळीस वर्षांपूर्वीचा 'धप्प' ऐकू आला. बाझांट यांच्या गटाने २०१५ मध्ये मांडलेल्या नव्या हिशोबात सिमेंटचा प्रकार हा एक स्वतंत्र मुद्दा आहे. झुआरीवर २०२२ च्या अखेरीपासून नवा, केबलांनी तोललेला पूल सुरू झाला आहे.

अर्थात साडेसहा मीटरचा आपला बीम म्हणजे २४१ मीटरचा पूल नव्हे. आपल्या बीमला तसला धोका आहे असं मला मुळीच सुचवायचं नाही. मागच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये बीममध्ये गंज नाही, सळईजवळच्या भेगा नाहीत, झोळ मर्यादेत आहे, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणून पुनर्विकासाचा विचार करायचा तर तो इतर कारणांनी जरूर करा, बीमच्या पोटाकडे बोट दाखवून नको. वयोमानाने पोट सुटलेला माणूस आजारी असतोच असं नाही. मी स्वतःच त्याचा पुरावा आहे.

पण फॉल्स सीलिंगही नको. जे झाकलं ते मोजलं जात नाही. आणि वाचनालयातली आठ कपाटं त्या बीमच्या मधोमध तर अजिबात नकोत. पुस्तकांचा भार हा चोवीस तासांचा, बारा महिन्यांचा असतो. गणपतीतली गर्दी दीड दिवसात घरी जाते, कपाटं जात नाहीत. क्रीपला असाच भार आवडतो. इंजिनिअरला विचारून कपाटं खांबांजवळच्या भिंतीला लावावीत, हे माझं म्हणणं मी कमिटीला लेखी दिलं आहे.

आणखी एक. साहेबांनी दिलेली दोरी आणि पट्टी माझ्याकडे आहे, आणि मोजमापांची वहीही. माझं वय आता चौऱ्याहत्तर. शिडीवर चढायला सून परवानगी देत नाही. म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात ही तिन्ही मी सोसायटीच्या ऑफिसात जमा करतो. दर दिवाळीला, झालर बांधायच्या वेळी नाही तर पणत्या लावायच्या आधी, तरुण सभासदांपैकी कोणीतरी दोरी ताणून आकडा लिहावा. पाच मिनिटांचं काम आहे.

२००१ च्या मे महिन्यात मी नऊ दिवस वाचवले. त्या नऊ दिवसांचं व्याज हा बीम पंचवीस वर्षं भरतोय, कुरकुर न करता. साहेबांची माफी मागायची राहून गेली. ती या स्मरणिकेतून मागतो, आणि तुम्हा सर्वांना सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा देतो. तोपर्यंत वहीत आणखी पंचवीस आकडे झालेले असोत.